शेवटचं भांडण कधी झालं?

लंडनच्या पिनर भागातल्या चर्च हॉलमध्ये दर मंगळवारी आम्ही मराठी म्हातारे-म्हाताऱ्या जमतो. कोणी "कसं काय?" विचारलं की "मजेत" म्हणायचं, खुर्ची ओढायची आणि बिस्किटांच्या डब्यात हात घालायचा, अशी आमची साधी शिस्त होती. ती ताईंनी मोडली. त्यांच्यापुढे कोणी "मजेत" म्हटलं की त्या चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "काहून?"

आता ह्याला उत्तर काय देणार? माणूस दुःखात का आहे हे विचारतात. मजेत काहून आहे, हे आजवर कोणी कोणाला विचारलंय?

ताई मूळच्या नागपूरच्या. लंडनच्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट म्हणून सगळी उमर गोळ्या मोजण्यात आणि डॉक्टरांच्या चुका पकडण्यात घालवून रिटायर झालेल्या. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही आणि आडनाव तर नाहीच नाही. त्याचं कारण पुढे येईल, आणि त्यात शोभा झाली तर माझीच होणार आहे. डोक्यावर बारा महिने निळी लोकरीची टोपी. गळ्यात मंगळसूत्राच्या जागी दोरीला बांधलेलं भिंग. पर्समध्ये रबरबँड लावलेला कार्डांचा गठ्ठा. हॉलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाचं एक कार्ड, आणि कार्डावर तीनच गोष्टी: पोट. झोप. शेवटचं भांडण.

पहिल्या दोन गोष्टींत नवल नव्हतं. आमच्या वयात पोट आणि झोप हेच राष्ट्रीय प्रश्न. पण तिसरा प्रश्न ऐकून नवा माणूस हमखास दचकायचा.

"नाही हो, मी कुणाशी भांडत नाही."

"काहून? तब्येत बरी नाही का?"

त्यांचं म्हणणं असं, की भांडायला ताकद लागते, मुद्दा आठवावा लागतो आणि समोरचा माणूस आपलं ऐकेल अशी थोडी आशा लागते. ही तीनही ज्याच्याकडे आहेत तो ठीक आहे. ज्यानं भांडण सोडलं त्याच्याकडे लक्ष ठेवायचं.

हॉलमध्ये गोळ्यांचा मोठा कारभार चालायचा. कोणाच्या हातात मॅग्नेशियम, कोणाच्या झिंक, कोणी सेलेनियम. निम्म्यांना त्याचा नीट उच्चार येत नव्हता, पण मूड चांगला राहतो असं कोणीतरी कुठेतरी वाचलेलं असायचं. ताई गोळ्यांच्या शत्रू मुळीच नव्हत्या. एका वहिनींना महिनोन् महिने सारखं रडू यायचं आणि जिना चढवायचा नाही. ताईंनी त्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या आणि जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, पाठवलं. रक्तात लोह जवळजवळ नव्हतंच. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांनी त्या वहिनी बस ड्रायव्हरशी भांडून, लालबुंद होऊन हॉलमध्ये आल्या. ताईंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

उलट एक काका होते. बायको गेल्यापासून झोप नाही, म्हणून मॅग्नेशियमची भलीमोठी बाटली घेऊन आले. ताईंनी भिंगातून लेबल शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, किडनीचं विचारलं, बाकीची औषधं विचारली आणि बाटली परत दिली. "घ्या, लिहिलंय तेवढीच. पण काका, ही गोळी तुमच्या बायकोची जागा भरणार नाही. एवढी मोठी जबाबदारी त्या बिचाऱ्या गोळीवर टाकू नका." आणि पुढच्या मंगळवारपासून हॉलमधल्या खुर्च्या मांडायचं काम त्यांना दिलं. काका रांगा लावायचे, ताई येऊन गोल करायच्या. ह्यावरून दोघांचं दर आठवड्याला वाजायचं. काकांच्या कार्डावर तिसरी ओळ कधी रिकामी राहिली नाही.

आता माझी शोभा.

मी तेव्हा तरुण होते. सदुसष्ट वर्षांची. हे गेल्यावर मुलानं मला पुण्याहून इथे आणलं. डोक्यात कोथरूड जसंच्या तसं भरलेलं, वर इंग्लंडची हवा लागलेली, त्यामुळे शहाणपणाला तोटा नव्हता. हॉलमध्ये पहिल्या दिवशी ताईंच्या शेजारी बसले आणि गोड आवाजात म्हटलं, "नागपूरच्या का? छान. आणि आडनाव काय म्हणालात?"

त्या काहीच म्हणाल्या नव्हत्या. आमच्याकडच्या बायका आडनाव कशासाठी विचारतात हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं.

"सांगते ना," त्या म्हणाल्या. "आधी हे सांगा, तुमच्या पर्समध्ये काय वाजून राहिलंय?"

"मिंट आहेत. चहानंतर चघळते."

"दाखवा."

दाखवल्या. भिंग वर आलं. "ह्या मिंट नाहीत. ॲसिडिटीच्या गोळ्या आहेत. दिवसाला किती?"

"मोजत नाही बाई मी."

"हेच तर. बाटलीचं लेबल वाचायचं सोडून माणसांची लेबलं वाचत फिरता तुम्ही."

सगळा हॉल हसला. मी घरी येऊन सुनेला सांगितलं, तिथे एक अतिशय उद्धट बाई येतात. पुढे दोन मंगळवार गेलेच नाही. तिसऱ्या मंगळवारी गेले ती फक्त घरात कंटाळा आला म्हणून, आणि लांबच्या खुर्चीवर बसले. एवढ्या वर्षांत मी त्यांचं आडनाव पुन्हा विचारलं नाही. लिहायचंही नाही ते त्यासाठी. ज्याला हवं त्यानं बाटल्या वाचाव्यात.

त्या बाटल्यांचंच सांगते. त्याच वर्षी मी बाथरूममध्ये घसरून मनगट मोडून घेतलं. जीपीनं हाडांसाठी कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिन लिहून दिलं. ते झालं एक. मुलगा ब्रॅकनेलला आयटीत. त्यानं ऑफिसातल्या कोणाचं तरी ऐकून पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या आणल्या, नळीवर हसऱ्या म्हातारीचं चित्र. मुलगी अमेरिकेत. तिला कळलं की दादानं काहीतरी आणलंय, मग ती मागे कशी राहील? तिनं बरणीएवढी बाटली पाठवली, एकेक गोळी चिंचोक्याएवढी. पुण्याच्या धाकट्या बहिणीनं येणाऱ्याजाणाऱ्यांबरोबर प्रवाळाच्या कॅप्सूल पाठवल्या. "अगं, प्रवाळ थंड असतं, मन शांत राहतं." आणि पाचव्या माझ्या लाडक्या मिंट.

ह्या सगळ्या मी खिडकीत ओळीनं मांडल्या होत्या, देव मांडावेत तशा. एकीलाही नाही म्हणायची सोय नव्हती. व्हिडिओ कॉलवर मुलगी विचारायची, "आई, घेतलीस का?" आणि मी जीभ बाहेर काढून दाखवायची. बहीण विचारायची, "माझं घेतेस ना, की पोरांचंच घेतेस?" प्रत्येकाच्या प्रेमाची एकेक बाटली. न घेऊन कोणाला दुखवू? आणि मी एम.ए. झालेली बाई. पाचही बाटल्यांवर काय लिहिलंय हे एकदाही वाचलं नाही. देवाच्या पाठीमागे काय लिहिलंय ते कोणी वाचतं का?

पुढच्या सहा-आठ महिन्यांत मी विझत गेले. सकाळी उठावंसं वाटेना. तहान इतकी, की तांब्या घेऊनच हिंडायची. पोटाचं तर विचारू नका, इसबगोलनंही हात टेकले. टीव्हीवर मांजराच्या खाण्याची जाहिरात लागली तरी रडायची. शब्द आठवेनात. "आजी, तुझी चष्मा फ्रिजमध्ये होती," असं सहा वर्षांची नात सांगायची आणि मी तिचं मराठीसुद्धा दुरुस्त करत नव्हते. मला वाटायचं, हे गेले, आता आपलंही उरकत आलं. फोनवर "उदास वाटतं गं" म्हटलं की मुलगी म्हणायची, "आई, डोस वाढव." मुलगा म्हणायचा, "संध्याकाळी अजून एक घे." माझं दुःख वाढलं की गोळी वाढायची, आणि गोळी वाढली की दुःख.

सुनेनं आमटीत गूळ घालायचं सोडलं तरी मी बोलले नाही. त्या बिचारीला पहिले काही दिवस सुख वाटलं. मग ती घाबरली.

आणि एका गुरुवारी मी नातीला शाळेतून आणायलाच विसरले. विसरले म्हणजे, कोट घालून पलंगावर बसले आणि कुठे निघाले होते ते कळेना. पोर पाऊण तास ऑफिसबाहेरच्या बाकावर बसली होती. शाळेनं सुनेला फोन केला. घरी आल्यावर पोरगी रडली नाही, मला म्हणाली, "इट्स ओके आजी, मी वाट बघितला." ते "वाट बघितला" अजून छातीत आहे.

त्या दिवसापासून शाळेचं काम माझ्याकडून गेलं. मग गॅसला हात लावू नका. मग एकदा जिन्यात उभं राहून ऐकलं. मुलगा हळू आवाजात म्हणत होता, "मेमरी क्लिनिकचं बघू. आणि नाहीच जमलं तर पुण्याला चांगली होम्स आहेत, चोवीस तास बाई असते." सून म्हणाली, "अरे, पण त्यांना तिथे नातीचं तोंडसुद्धा..." पुढचं ऐकवलं नाही. वर जाऊन मी काय केलं असेल? प्रवाळाच्या दोन जास्त घेतल्या. मन शांत राहावं म्हणून.

पुढच्या मंगळवारी सुनेनं मला हॉलच्या दारात सोडलं, पार्सल सोडतात तसं. मी लांबच्या खुर्चीवर बसले. ताई उठून आल्या, कोरं कार्ड काढलं. उद्धट बाईशी मी भांडायला हवं होतं. मी नुसती बघत बसले.

"पोट?"

"नाहीच."

"झोप?"

"दिवसभर."

"शेवटचं भांडण कधी झालं?"

खूप वेळ आठवलं. "इच्छाच होत नाही हो," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तहान?"

माझ्या मांडीवर तिसरी पाण्याची बाटली होती. त्यांनी ती बघितली. "उद्या सकाळी माझ्याकडे यायचं. घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन. जीपीच्या, मुलांच्या, आयुर्वेदाच्या. लपवलेल्या पण."

"त्या तर देवळातल्यासारख्या..." मला शब्द सापडेना. "खिडकीत आहेत."

"आणि ती पर्समध्ये वाजते ती."

दुसऱ्या दिवशी सुनेनं कामावरून सुट्टी घेऊन मला त्यांच्या फ्लॅटवर नेलं. भिंतीवरच्या फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती, खाली औषधांची जाडजूड पुस्तकं. ताईंनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बाटल्या ओळीनं मांडल्या आणि भिंग लावून एकेक वाचायला लागल्या. घाई नाही. वाचून झाली की शाळेच्या खडूच्या खोक्यातून एक पांढरा खडू काढायच्या आणि त्या बाटलीपुढे ठेवायच्या. जीपीची, एक खडू. फसफसणारी, एक खडू. अमेरिका, सगळ्यांत लांब खडू. प्रवाळ.

"ते आयुर्वेदिक आहे," मी म्हटलं.

"समुद्रातला खडू. पण खडूच." तिथेही ठेवला. आणि मिंट. त्यांच्यापुढे दोन.

मग त्या मागे टेकल्या. "ह्या पाच बाटल्या नाहीत. एकच बाटली आहे, पाच नावांची. खडू म्हणजे कॅल्शियमच. तुम्ही रोज खडू खाऊन राहिल्या बाई. डी व्हिटॅमिन वरून ढकलतंय ते वेगळंच. रक्तात कॅल्शियम फार झालं ना, की तहान लागते, पोट अडतं, डोकं चालत नाही, माणूस रडत बसतो."

"पण ह्या सगळ्या प्रेमानं दिल्यात हो पोरांनी."

"प्रेमाला डोस नसतो. कॅल्शियमला असतो." मग एकदम मवाळ होऊन म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही. माझं चुकूही शकतं. पण रक्त आजच तपासायचं. उद्या नाही."

त्यांनी सर्जरीला, म्हणजे जीपीच्या दवाखान्याला, फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. आम्ही रांगेत सतरावे. संगीत वाजत होतं. सून म्हणाली, "ताई, आपण नंतर करू या का?" त्या म्हणाल्या, "मी हॉस्पिटलात होते, मला माहीत आहे. नंतर म्हणणारे लोक नंतर येतात." चहा झाला, दुसरा चहा झाला, आम्ही चौथे झालो. रिसेप्शनिस्टनं पुढच्या आठवड्यातली वेळ दिली, तेव्हा ताईंचं ते स्वच्छ, थंडगार इंग्रजी मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त पाचही बाटल्यांचे आकडे वाचून दाखवले आणि म्हणाल्या, मी थांबते, तुम्ही हे डॉक्टरांना जाऊन सांगा. दुपारी माझं रक्त घेतलं. संध्याकाळी डॉक्टरांचाच फोन आला, लगेच हॉस्पिटलला या म्हणून.

तीन दिवस सलाईन. सगळ्या बाटल्या बंद. मुलगा माझ्या पलंगाशी बसून रडला. "आई, ती नळी मी आणली होती." मी म्हटलं, "चित्रातली म्हातारी हसत होती रे, मला वाटलं आपणही हसू."

घरी आल्यावर दहाव्या की बाराव्या दिवशी सुनेनं आमटी वाढली. मी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, "ह्याला आमटी म्हणतात का? ही तर आजाऱ्याची पेज." सून पळी हातात घेऊनच धावत फोनकडे गेली. "ताई! ताई, भांडल्या!"

तिकडून ताईंचा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू आला. "कशावरून? नीट सांगा, कार्डावर लिहायचंय."

आणखी महिन्याभरानं मी पुन्हा शाळेच्या फाटकाशी उभी होते, पंधरा मिनिटं आधीच. पोरगी धावत आली. म्हणाली, "आजी, तू वाट बघितला?" मी म्हटलं, "बघितली. वाट बघितली." ती म्हणाली, "ओह, यू आर बॅक."

खोटं कशाला सांगू, सगळी उदासी खडूची नव्हती. खडू उतरला तेव्हा खाली जे उरलं ते माझं स्वतःचं होतं. हे नव्हते, पुणं नव्हतं, आणि ते रक्ताच्या कोणत्याही रिपोर्टात येत नव्हतं. ताईंना मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी सांत्वन वगैरे केलं नाही. ड्रॉवरमधून दुसरं भिंग काढलं, दोरी बांधली आणि माझ्या गळ्यात घातलं. "माझे डोळे थकून राहिलेत. लेबलं तुम्ही वाचा, मी ऐकते." असं आडनावं वाचणाऱ्या बाईला त्यांनी बाटल्या वाचायला बसवलं. दहा वर्षं मी ते काम केलं. त्यांनी मला एकदाही त्या पहिल्या दिवसाची आठवण करून दिली नाही. मीच करून द्यायची, तर म्हणायच्या, "तेव्हा खडू चढला होता तुम्हाला." नव्हता चढला. आम्हा दोघींनाही ते माहीत होतं.

गेल्या वर्षी त्यांची नजर फारच गेली, आणि पुतणीच्या जवळ असावं म्हणून त्या लंडनच्या दुसऱ्या टोकाला, इल्फर्डला, म्हाताऱ्यांच्या फ्लॅट्समध्ये राहायला गेल्या. त्यांचे मंगळवार बंद झाले. फोनवर आवाज बारीक होत गेला. मग पुतणीचाच फोन आला, "मावशी, आत्या काही बोलतच नाही. शहाण्यासारखी जेवते, शहाण्यासारखी झोपते." ते 'शहाण्यासारखी' ऐकलं आणि मी भिंग पर्समध्ये टाकलं.

गाड्या बदलत इल्फर्डला पोचले. ताई खिडकीशी, निळी टोपी घालून, हात मांडीवर.

"कसं काय ताई?"

"मजेत," त्या म्हणाल्या.

मी कोटही काढला नाही.

आधी, त्यांनी जे शिकवलं होतं तेच केलं. पुतणीकडून सगळी औषधं मागून घेतली, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, भिंग लावलं, एकेक लेबल वाचलं. पोट विचारलं, झोप विचारली, तहान विचारली, रक्ताचे रिपोर्ट बघितले. सगळं जागच्या जागी. खडू कुठेच नव्हता. म्हणजे हे दुसऱ्या जातीचं होतं, ज्याला बाटली नसते.

मग मी पर्समधून माझी बाटली काढली. घरून तयारीनंच आले होते. ती खुळखुळवत म्हटलं, "ताई, एक गंमत सांगू? मी नवीन सुरू केलंय. मूडसाठी. सात खनिजं एकत्र. फार छान वाटतं."

ताईंचं तोंड खिडकीकडेच.

"लेबलवर एक लिहिलीय, मी चार घेते. लेबल काय, कोणीही छापतं."

मांडीवरचा हात हलला.

"कोणी दिली?" त्या म्हणाल्या.

"शेजारणीनं. प्रेमानं."

"इकडे आणा."

झाकण उघडून त्यांच्या तळहातावर चार दाणे ओतले. डोळे अंधूक झाले होते, पण त्या बोटांनी जन्मभर गोळ्या मोजल्या होत्या. अंगठ्याखाली एक दाणा फिरवला. दुसरा फिरवला. टोपी हळूच वर झाली.

"हा साबुदाणा आहे."

"असेल."

"मला फसवून राहिल्या तुम्ही? मला?"

"मजेत आहे म्हणून सांगणाऱ्या बाईला फसवायला काय लागतं?"

त्या बघत राहिल्या, म्हणजे माझ्या आवाजाकडे. मग म्हणाल्या, "आणि बाटलीत घालून फिरता काहून? खिचडी करायची सोडून?"

"करीन की. आत्ता करते. साखर कुठेय?"

"खिचडीत साखर?"

"मग? चिमूटभर नाही, चांगली चमचाभर."

"साखर घालतात पुण्याचे लोक!" ताई खुर्चीचे हात धरून अर्ध्या उठल्या. "आमटीत गूळ, खिचडीत साखर, म्हणून तर तुमची डोकी अशी मऊ! नागपूरला या म्हणावं, मिरची काय असते ते..." आवाज इतका चढला की पुतणी आतून धावत आली, मागोमाग शेजारचे एक सरदारजीही दारात येऊन उभे राहिले. मीही सोडलं नाही. तिखटानं अल्सर होतो म्हटलं. त्यावर त्यांनी अल्सर कशानं होतो ह्यावर दहा मिनिटं भाषण दिलं, जंतूच्या नावासकट.

खिचडी झाली. अर्ध्या पातेल्यात साखर घातली, अर्ध्यात नाही. जेवल्यावर त्यांच्या पर्समधून गठ्ठा काढला. सगळ्यांची कार्डं होती, त्यांचं स्वतःचं नव्हतं. एक कोरं घेतलं आणि त्या सांगतील तसं, मोठ्या अक्षरात लिहिलं.

पोट: ठीक. झोप: जरा जास्तच. शेवटचं भांडण: आज, सव्वाअकरा वाजता, खिचडीतल्या साखरेवरून. निकाल लागलेला नाही.

"'नाही'च्या पुढे लिहा," ताई म्हणाल्या. "मंगळवारी पुढे चालू."